अग्रणी उद्योग आणि मागास विभाग : वाळूजचा अनुभव

औद्योगिक विकासाचे लाभ एखाद्या शहरापाशीच साचून न राहता राज्याच्या सर्व विभागांपर्यंत पोहोचावेत, हे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपासून शासकीय धोरणाचे एक प्रमुख सूत्र राहिले आहे. या सूत्राच्या पूर्ततेसाठी जे उपाय योजण्यात आले, त्यांमध्ये 'अग्रणी प्रकल्प' ही कल्पना विशेष महत्त्वाची होय. एखाद्या अविकसित तालुक्यात एक मोठा कारखाना आणावयाचा, त्यासाठी शासनाने जमीन, पाणी, रस्ते आणि करसवलती द्यावयाच्या, आणि त्या कारखान्याच्या आधाराने लहान उद्योग, व्यापार व रोजगार यांची वाढ व्हावयाची, अशी ही कल्पना आहे. उद्योग खात्याच्या भाषेत अशा कारखान्याला 'अँकर युनिट' असेही म्हणतात. जेथे असा प्रकल्प जाहीर होतो, तेथे ग्रामपंचायतीपासून शाळेच्या शिक्षकखोलीपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो : आपल्या गावाला यातून काय मिळणार? या प्रश्नाचे उत्तर प्रकल्पाच्या आकड्यात नसते. ते कोठे शोधावयाचे, हे समजण्यासाठी मराठवाड्यातील वाळूजचा अनुभव अतिशय उपयुक्त आहे.

कल्पना जुनी, साधने नवी

शासनाने पुढाकार घेऊन उद्योजकास ओसाड प्रदेशात बोलवावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. बेळगावातील जागा सोडावी लागल्यानंतर लक्ष्मणराव किर्लोस्कर नव्या जागेच्या शोधात होते. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपयांचे कर्ज त्यांना दिले. १९१० मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका लहानशा संस्थानाने केलेल्या या व्यवहारात आजच्या धोरणाची सर्व अंगे बीजरूपाने दिसतात : जमीन, भांडवलाचे साहाय्य आणि रेल्वेचे सान्निध्य. औंधच्या दरबाराने त्यासाठी कोणती परिषद भरविली नव्हती, एवढाच काय तो फरक.

स्वातंत्र्योत्तर काळात हेच कार्य संस्थात्मक पातळीवर होऊ लागले. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. उद्योगांसाठी जमीन संपादन करावयाची, तीवर रस्ते, पाणी व वीज यांची सोय करावयाची आणि भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावयाचे, हे या महामंडळाचे मुख्य कार्य होय. ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत ही या प्रयत्नाची पहिली पायरी ठरली. भांडवलपुरवठ्यासाठी १९६६ मध्ये 'सिकॉम' स्थापन करण्यात आले. मराठवाड्यासाठी स्वतंत्र विकास महामंडळ १९६७ मध्ये अस्तित्वात आले. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली.

मुंबई, ठाणे व पुणे सोडून उद्योजकाने दूर जावे, यासाठी १९६४ पासून 'सामूहिक प्रोत्साहन योजना' राबविण्यात येत आहे. तिच्यात १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३ व २०१९ या वर्षी मोठे फेरबदल झाले. विकासाच्या स्थितीनुसार तालुक्यांचे अ, ब, क, ड व ड-अधिक असे गट करण्यात आले आणि जितका तालुका मागास, तितक्या सवलती अधिक, असे तत्त्व स्वीकारण्यात आले. मुंबई व पुणे परिसरातील विकसित क्षेत्र 'अ' गटात मोडते. केंद्र शासनानेही १९७१ पासून निवडक मागास जिल्ह्यांत भांडवली अनुदानाची योजना सुरू केली होती व महाराष्ट्रातून रत्नागिरी, औरंगाबाद आणि चंद्रपूर हे जिल्हे तिच्या कक्षेत होते.

सवलतीचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे. जुन्या योजनांमध्ये सर्वांत मोठी सवलत विक्रीकराची असे. कारखान्याने मालावर जो विक्रीकर भरावयाचा, तो काही वर्षे माफ होई, अथवा तो वसूल करून स्वतःजवळ ठेवण्यास व पुढे बिनव्याजी फेडण्यास मुभा मिळे. याचा अर्थ असा की, शासनाच्या अंदाजपत्रकात खर्चाची रक्कम दिसत नसे. जे येणार होते ते येत नसे, इतकेच. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर ही पद्धत शक्य राहिली नाही. उद्योगाने कर प्रथम भरावयाचा आणि त्यातील राज्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात अनुदान नंतर कोषागारातून घ्यावयाचे, अशी व्यवस्था आली. लोकप्रतिनिधींच्या दृष्टीने ही सुधारणाच म्हटली पाहिजे, कारण सवलतीची किंमत आता उघड दिसते.

कारखान्यापूर्वीची वीस वर्षे

मराठवाडा हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९०० मध्ये सुरू झालेली हैदराबाद-मनमाड ही मीटरमापी रेल्वे हाच त्याचा मुंबईशी जोडणारा लोहमार्ग. मुंबईहून आलेला माल मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. अशा मुलखात मोठा उद्योजक आपण होऊन येण्याची शक्यता फारशी नव्हती. येथील तरुणांचा असंतोष १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातून प्रकट झाला. रोजगार आणि रुंदमापी रेल्वे या त्या आंदोलनाच्या आग्रहाच्या मागण्यांपैकी होत्या.

१९८५ मध्ये बजाज ऑटो कंपनीचा कारखाना वाळूज येथे सुरू झाला. त्याची उभारणी अवघ्या १६ महिन्यांत झाली, आणि त्या वेगाचे कौतुक पुढे अनेकदा झाले. ते योग्यच आहे. परंतु १६ महिन्यांत कारखाना उभा राहू शकला, कारण त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे या जिल्ह्यात असे काम चालू होते की ज्याचा कारखान्याशी संबंध आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीही आले नसेल.

या कामातील पहिले व सर्वांत मोठे म्हणजे पाणी. पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये धरण पूर्ण झाले. नाथसागराचा उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेशहात्तर अब्ज घनफुटांच्या आसपास आहे. हे धरण बांधले गेले ते शेतीसाठी. मात्र ज्या शहराला उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची विवंचना असे, त्याच्या दक्षिणेस पन्नासेक किलोमीटरवर इतका मोठा जलाशय निर्माण होताच औद्योगिक वसाहतीला जलवाहिनी टाकणे शक्य झाले. जायकवाडीशिवाय वाळूजची कल्पनाच करता येत नाही.

दुसरे काम शिक्षणाचे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जोडारी, कातारी, विजतंत्री बाहेर पडू लागले. या मुलांना प्रारंभी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागली. परंतु कारखाना आला तेव्हा परत येण्यास तयार असलेला कुशल वर्ग अस्तित्वात होता. तिसरे काम लहान उद्योगांचे. रेल्वे स्थानकालगतच्या व चिकलठाण्याच्या वसाहतींत काही कारखाने आधीच चालू होते. १९६८ मध्ये स्थापन झालेला भांड्यांचा 'निर्लेप' उद्योग याच शहरातला. लेथ चालविणारे, ओतकाम जाणणारे, बँकेशी व्यवहार केलेले काही लोक गावात होते. सिडकोने १९७० नंतरच्या दशकात नवे औरंगाबाद वसविण्यास आरंभ केल्याने घरांची सोय होऊ लागली होती.

सवलती तर अन्य अनेक तालुक्यांत होत्या. काही ठिकाणी याहून अधिक होत्या. तरीही उद्योग तेथे गेले नाहीत. सवलत ही निर्णयाच्या तराजूत शेवटचे वजन टाकते. पारड्यात आधी काहीच नसेल तर त्या वजनाचा उपयोग होत नाही.

एक कारखाना, शेकडो पुरवठादार

दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या उद्योगाचा एक विशेष असा की, त्याचे बहुतेक सुटे भाग बाहेरून घ्यावे लागतात. चौकट, इंधनाची टाकी, धुराची नळी, चाकांचे भाग, ओतीव ॲल्युमिनियमचे तुकडे, रबराचे व प्लास्टिकचे भाग, विजेच्या तारांचे जुडगे : असे शेकडो जिन्नस. यांतील टाकी किंवा धुराची नळी यांसारख्या वस्तू वजनाने हलक्या पण जागा व्यापणाऱ्या असतात. त्या दुरून आणणे म्हणजे मालमोटारीतून हवा वाहून नेण्यासारखे आहे. त्यामुळे पुरवठादाराने मुख्य कारखान्याच्या जवळ असणे दोघांच्याही सोयीचे ठरते. सिमेंट, कागद किंवा रसायन यांच्या कारखान्याला कच्चा माल खाणीतून वा जंगलातून लागतो. तेथे पुरवठादारांचे असे वर्तुळ सहसा निर्माण होत नाही.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फ्रान्स्वा पेरू यांनी १९५५ मध्ये 'विकासध्रुव' ही कल्पना मांडली. विकास सर्वत्र एकाच वेळी प्रकट होत नाही. तो काही बिंदूंवर प्रकट होऊन तेथून वेगवेगळ्या मार्गांनी पसरतो, असे तिचे सार आहे. पसरण्याचे मार्ग मात्र आपोआप तयार होत नाहीत. वाळूजमध्ये ते तयार झाले, याचे श्रेय पूरक उद्योगांना द्यावे लागते. 'एंड्युरन्स' ही आज परदेशातही कारखाने असलेली कंपनी १९८५ मध्ये याच परिसरात लहान एककांच्या रूपाने सुरू झाली होती. 'व्हॅरॉक'चा आरंभही येथलाच. लहान उद्योजकांनी 'मसिआ' ही संघटना उभारली. साचे व हत्यारे बनविण्यासाठी इंडो-जर्मन टूल रूम आली. एखाद्या एकट्या लघुउद्योजकाला न परवडणारी चाचणी यंत्रे सामाईकपणे वापरता यावीत, म्हणून पुढे मराठवाडा ऑटो क्लस्टर उभे राहिले. टूल रूम ही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येणारी गुंतवणूक नव्हे. पण साचा येथेच तयार होऊ लागला म्हणजे पुण्याला होणारी एक फेरी वाचते, आणि लघुउद्योजकाचा आठवडा वाचतो.

पूरक उद्योजकाची मुख्य अडचण बहुधा तंत्रज्ञानाची नसून वेळेवर पैसे न मिळण्याची असते. माल पोचला, कारखान्याने वापरला, गाडी विकली गेली, तरी बिल अडकलेले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार लघुउद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि दाद मागण्यासाठी सुलभीकरण परिषदेची तरतूद आहे. व्यवहारात लहान उद्योजक आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध अर्ज करण्यास कचरतो, कारण एका बिलासाठी कायमची मागणी गमावण्याची भीती असते. कायद्याच्या मर्यादेचे हे बोलके उदाहरण आहे. जिल्हा उद्योग केंद्रांच्या अधिकाऱ्यांनी अग्रणी उद्योगाशी या विषयावर सतत बोलत राहणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय दिसतो.

एकाच मोठ्या उद्योगावर विसंबण्याचा धोकाही याच जिल्ह्याने पाहिला आहे. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉन समूहाने दूरचित्रवाणी संच व गृहोपयोगी विद्युत उपकरणांचा मोठा कारखाना चालविला. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. वाळूजच्या पूरक उद्योगांनी कालांतराने पुण्यातील व अन्य राज्यांतील वाहन कंपन्यांनाही माल पुरविण्यास सुरुवात केली, ही गोष्ट म्हणूनच मोलाची आहे.

आकडा कोटींचा, काम किती हातांना?

प्रकल्पाचे मोठेपण कोटी रुपयांत मोजण्याची सवय सर्वांनाच लागली आहे. २००७ च्या योजनेत विशाल प्रकल्पाची व्याख्या करताना 'अ' व 'ब' गटांत ५०० कोटींची गुंतवणूक किंवा १,००० रोजगार, आणि अन्यत्र २५० कोटी किंवा ५०० रोजगार असे निकष ठेवण्यात आले होते. या वाक्यातील 'किंवा' हा शब्द विचार करण्यासारखा आहे. केवळ गुंतवणुकीचा निकष पुरा करणारा प्रकल्प अत्यल्प माणसे कामाला लावूनही पात्र ठरू शकतो.

गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या दाभोळ वीज प्रकल्पाकडे या दृष्टीने पाहावे. १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. त्या काळातील देशातील सर्वांत मोठ्या परकीय गुंतवणुकींत त्याची गणना होत असे. १९९५ मध्ये करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. वादाचे केंद्र विजेचा दर हे होते. २००५ मध्ये तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे सोपविण्यात आला. करारांची गुंतागुंत बाजूला ठेवली तरी असे दिसते की, प्रचंड भांडवलाच्या या प्रकल्पाभोवती वाळूजसारखे लघुउद्योगांचे वर्तुळ तयार होण्यास वाव नव्हता. इंधन समुद्रातून यावयाचे आणि वीज तारांतून बाहेर जावयाची. मध्ये गुहागरच्या कारागिराने काय करावे?

रोजगाराबाबत आणखी एक बाब पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावी. प्रोत्साहन योजनेचा लाभ घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के रोजगार स्थानिकांना द्यावा, असे शासनाचे धोरण आहे. मात्र येथे 'स्थानिक' म्हणजे गावचा किंवा तालुक्याचा नव्हे. राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती स्थानिक मानली जाते. सोलापूरचा वा अकोल्याचा तरुण वाळूजमध्ये लागला तरी तो या अटीत बसतो, आणि राज्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. ज्यांची जमीन गेली, त्यांच्या मुलांना प्राधान्य हवे असेल तर त्यासाठी वेगळा आग्रह आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वेगळी तयारी लागते. भूसंपादनाची पहिली सूचना आणि कारखान्याचा पहिला भोंगा यांच्यात अनेक वर्षांचे अंतर असते. सूचना निघाली त्या वर्षी सातवीत असलेला मुलगा भोंग्याच्या वेळी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला असू शकतो. गावातील शिक्षकाने या हिशेबाने पालकांशी बोलावे, असे हे काम आहे.

सातबाऱ्याची तयारी

औद्योगिक विकास अधिनियमाच्या सहाव्या प्रकरणात भूसंपादनाची तरतूद आहे. कलम ३२ नुसार शासन प्रथम जमीनधारकास नोटीस देऊन म्हणणे मांडण्यास सांगते, सुनावणी होते, आणि त्यानंतर राजपत्रात प्रसिद्ध होणाऱ्या सूचनेने जमीन शासनाकडे निहित होते. मोबदला कराराने ठरू शकतो. करार न झाल्यास जिल्हाधिकारी तो निश्चित करतात.

प्रत्यक्षात भांडण बहुधा शासनाशी होण्याआधी घरातच होते. सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव आहे, वारसनोंद झालेली नाही, वाटणी तोंडी झालेली आहे, सोसायटीचा फिटलेला बोजा उतारावर तसाच आहे, असे चित्र गावोगाव आढळते. मराठवाड्यात इनाम जमिनी व हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० यांच्यामुळे गुंतागुंत अधिक आहे. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीचे नियम आणखी वेगळे. वारसनोंदीत मुलींची नावे गाळण्याची जुनी खोड तर सर्वश्रुत आहे. १९९४ च्या राज्याच्या व २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीने मान्य झाल्यावर असे गाळलेले नाव मोबदल्याच्या वाटपाच्या वेळी न्यायालयात उभे राहते आणि सर्वांचीच रक्कम अडकते. नोटीस येण्याची वाट न पाहता तलाठ्याकडे फेरफार पूर्ण करून घेणे हे ग्रामपंचायतीला विनाखर्च करवून घेता येण्यासारखे काम होय.

शेंद्रा-बिडकीन येथील 'ऑरिक' या नव्या औद्योगिक नगरीसाठी सुमारे दहा हजार एकर जमीन घेण्यात आली. शेतकऱ्यांचा विरोध आणि दीर्घ वाटाघाटी यांनंतर एकरी सुमारे २३ लाख रुपये असा दर ठरला. पूर्वीच्या पिढीतील संपादनांच्या तुलनेत ही रक्कम मोठी होती. तथापि जमीन दरवर्षी देते आणि मोबदला एकदाच मिळतो. नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांना १९८४ च्या आंदोलनानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना मिळाली, तिचे महत्त्व येथे आहे; जमीन गेल्यानंतर वाढणाऱ्या किमतीत मूळ मालकाचा काही वाटा त्यामुळे राहिला.

गावाचे शहर होते तेव्हा

अग्रणी प्रकल्पाचा एक परिणाम सर्वांत आधी दिसतो आणि त्याची तरतूद सर्वांत शेवटी होते. तो म्हणजे वस्ती. वाळूजभोवतीच्या रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरी, पंढरपूर या गावांत कामगारांच्या खोल्या उभ्या राहिल्या, दुकाने आली, लोकसंख्या नगरपालिकेला शोभेल इतकी झाली; कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच. औद्योगिक क्षेत्रात बांधकामाची परवानगी देणारे विशेष नियोजन प्राधिकरण औद्योगिक विकास महामंडळ असते. कारखाना त्यांच्या हद्दीत, कामगार ग्रामपंचायतीच्या हद्दीत. रस्ते व दिवे कारखान्याच्या दारापर्यंत, आणि गटार मात्र कोणाचेच नाही, अशी अवस्था त्यातून उद्भवते.

ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खाली इमारतींवर कर बसविता येतो आणि कलम १२५ नुसार कारखान्याशी करार करून करांऐवजी एकमुस्त वार्षिक रक्कम घेण्याची मुभा आहे. अशा कराराला शासनाची मान्यता लागते. ही रक्कम ठरविताना येणाऱ्या वस्तीचा अंदाज बांधला नाही, तर काही वर्षांतच ती अपुरी पडते.

पाण्याबाबतही प्रश्न उभा राहतोच. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला व मग शेतीला प्राधान्य देण्यात आले होते; २०११ मध्ये हा क्रम बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आणण्यात आली. एप्रिल २०१६ च्या भीषण टंचाईत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत आणि अन्य उद्योगांच्या पाण्यातही कपात करण्याचा आदेश दिला. ज्या नाथसागरातून पाणी घ्यावयाचे, त्याच नाथसागराकडे शहराचे व वसाहतींचे सांडपाणी घेऊन खाम नदी वाहते, ही वस्तुस्थिती नव्या वसाहतींची आखणी करताना विसरून चालणार नाही. 'ऑरिक'मध्ये सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरण्याची व्यवस्था आराखड्यातच अंतर्भूत करण्यात आली, ती याच अनुभवातून.

ध्रुवापलीकडचा मुलूख

वाळूजने एक जिल्हा बदलला. मराठवाडा बदलला असे मात्र म्हणता येत नाही. बीड, परभणी, हिंगोली व धाराशिव या जिल्ह्यांपर्यंत पूरक उद्योगांचे वर्तुळ पोचले नाही. तेथून माणसे वाळूजला आली. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्यातील विभागीय अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा असल्याचे दाखवून दिले होते. हा अनुशेष रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा बाबींतला होता आणि वाळूजमध्ये कारखान्यापूर्वी जे काम झाले, ते याच बाबींतले होते, हा योगायोग नव्हे. लातूर येथे रेल्वे डबे निर्मितीच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली व डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. रेल्वेच्या डब्यालाही असंख्य सुटे भाग लागतात. ते लातूर-उदगीरच्या परिसरात बनू लागतात की बाहेरून तयार येतात, यावर त्या प्रकल्पाचा प्रादेशिक लाभ अवलंबून राहील.

जाहीर होणे आणि उभे राहणे

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीने बिडकीन येथील प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. अशी वार्ता प्रसिद्ध होताच आसपासच्या जमिनींचे भाव चढतात व खरेदीखतांची गर्दी होते. सामंजस्य करार हे हेतूचे पत्र असते. त्यानंतर भूखंडाचे वाटपपत्र, रकमेचा भरणा, भाडेपट्ट्याचा करार, ताबा, बांधकाम नकाशांना मंजुरी, पर्यावरणविषयक परवानग्या, वीजजोडणी, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी उत्पादन, असा क्रम आहे. यातील प्रत्येक पायरीवर काही प्रकल्प थांबतात. ठरलेल्या मुदतीत बांधकाम न झाल्यास भूखंड परत घेण्याचा अधिकार महामंडळाला असतो. वर्षानुवर्षे मोकळे राहिलेले भूखंड जुन्या वसाहतींत पाहावयास मिळतात, तेव्हा तो अधिकार किती वेळा वापरला गेला, हे ग्रामसभेला विचारता येते. कोणता प्रकल्प कोणत्या पायरीवर आहे, याची माहिती महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात व जिल्हा उद्योग केंद्रात असते, आणि ती सहज न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली साध्या अर्जाने मागता येते. दहा रुपयांच्या त्या अर्जात वाटपपत्राची तारीख, ताब्याची तारीख आणि बांधकामाची मुदत या तीनच बाबी विचारल्या तरी पुरे.